खेड्यातल्या पोट्ट्यांनी ॲनिमे सरळ मार्गानं पाहायचा कसा, आणि मराठी सबटायटल का नसतात?

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे: “माझ्या सातवी-आठवीतले पोट्टे मोबाईलवर ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, पाहतात. एकानं टेलिग्रामवरून उतरवायचं आणि बाकीच्यांना वाटायचं, असं चालतं. चोरीचं पाहू नका म्हटलं, तर एक जण म्हणाला, ‘मॅडम, मंग सरळ मार्गानं कुठं भेटते ते तरी सांगा.’ मला सांगता आलं नाही. सबटायटल इंग्रजी असतात, ते यांना वाचून होत नाहीत. मराठीत का नसतात? आणि शाळेच्या टीव्हीवर दाखवलं तर चालेल का?”

ताई,

त्या पोट्ट्याला आधी शाबासकी द्या. मी या धंद्यात सोळा-सतरा वर्षं आहे, पण एवढा नेमका प्रश्न मला मुंबईच्या बैठकांमध्ये फारसा कोणी विचारलेला नाही.

मी साकोलीत राहतो आणि सबटायटलचं काम करतो. सुरुवात टायमिंगपासून झाली. कोणतं वाक्य पडद्यावर कधी यावं आणि कधी जावं, ते बसवायचं. मग इंग्रजीवरून हिंदी, मग मराठी, आणि हल्ली बराच वेळ दुसऱ्यांचं काम तपासण्यात जातो. गावात विचाराल तर ‘पिक्चरखालचं लिहिते तो’ असं सांगतील.

थोडक्यात सांगायचं तर सरळ मार्ग आहे, तुम्हाला वाटतो त्याहून रुंद आहे, आणि काही ठिकाणी फुकटही आहे. पण तो इंग्रजी सबटायटल आणि हिंदी डबिंगपाशी येऊन थांबतो. मराठी सबटायटल असलेला ॲनिमे मी आजवर एकाही अधिकृत सेवेवर पाहिलेला नाही. आता हे असं का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण ‘कंपन्यांना मराठीची किंमत नाही’ एवढं म्हणून भागत नाही.

तुमच्याकडे तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, तिथूनच सुरुवात करू. जंगलाचे युनिट पडलेले असतात आणि हंगामाआधी युनिटवार लिलाव होतो. ज्यानं युनिट घेतलं, त्यानंच तिथला पत्ता उचलायचा. शेजारच्या युनिटवाल्यानं हात लावायचा नाही. आणि एखाद्या युनिटला बोलीच लागली नाही तर झाडं तीच, पानं तीच, पण फळी, म्हणजे पानं जमा करायची जागा, लागत नाही आणि पुडक्याचे पैसे कोणालाच मिळत नाहीत. ॲनिमेचे हक्क याच पद्धतीनं विकले जातात, फक्त जंगलाच्या जागी जगाचा नकाशा असतो.

एका ॲनिमेला बहुधा एक मालक नसतो. मूळ चित्रकथा छापणारा प्रकाशक, टीव्ही वाहिनी, गाण्यांची कंपनी, खेळणी बनवणारा, कधी स्टुडिओ, असे पाच-सात जण पैसा घालून एक समिती करतात. जपानीत तिला ‘सेइसाकु इइनकाइ’ म्हणतात, म्हणजे निर्मिती समिती. परदेशातली विक्री त्यातला एक जण बघतो, पण महत्त्वाच्या गोष्टीला सगळ्यांची मान हलावी लागते. करारात प्रदेश कोणता ते लिहिलेलं असतं, टीव्हीवर दाखवायचं की इंटरनेटवर की थेटरात, ते असतं, भाषा कोणत्या, ते असतं, आणि किती वर्षं, तेही असतं. मुदत संपली की माल उतरतो. पोट्टे म्हणतात ना, ‘काल होता, आज गायब झाला’, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पैशाचा व्यवहार झाडीपट्टीतल्या नाटकासारखा आहे. वडशाची कंपनी गावात येते तेव्हा मंडळ ठरलेली रक्कम मोजतं, मग तिकिटं किती खपली ही मंडळाची डोकेदुखी. ॲनिमे घेणारी सेवासुद्धा अशीच किमान रक्कम आधी मोजते आणि मग प्रेक्षकांकडून वसूल करते. जिथून वसुली दिसत नाही तिथे मंडळ नाटक आणत नाही. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, आफ्रिकेतले कित्येक देश, सगळीकडे हीच कथा आहे. सेवा सुरू असते, पैसे घेते, पण आत गेलं की अमेरिकेतल्या यादीपुढे आपली यादी खुजी निघते. नकाशावरचा तो तुकडा कोणी घेतलेला नसतो, किंवा दुसऱ्यानंच घेऊन नुसता ठेवून दिलेला असतो. हे दुसरं जास्त वाईट, कारण मग तिसऱ्याला घेताही येत नाही.

भारत बहुतेक वेळा ‘दक्षिण आशिया’ नावाच्या गाठोड्यात विकला जातो आणि गाठोडं घेणारा हिंदीत डबिंग करून मोकळा होतो. त्याचा एक परिणाम सांगतो. २०१३ मध्ये बांगलादेश सरकारनं हिंदी डोरेमॉनचं प्रक्षेपण बंद केलं, कारण तिथली लेकरं घरात हिंदी बोलायला लागली होती. पुढे तिथे बंगालीत डबिंग झालं. आपली लेकरंही डोरेमॉनमुळेच हिंदी शिकली, पण आपल्याकडे त्याचं कोणाला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं असं माझं म्हणणं नाही, मीही त्यातूनच पोट भरलं आहे.

जपानी कार्टून आपल्याला नवं नाही. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी मोगली लागायचा, तो जपानच्या निप्पॉन ॲनिमेशननं बनवलेला होता. आमच्या मोहल्ल्यात एकच टीव्ही होता, त्याच्यापुढे तीस लेकरं बसायची, आणि मोगली पेंचच्या जंगलातला म्हणजे आपलाच, अशी सगळ्यांची खात्री. जपानचा हात आहे हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. मग २००४ मध्ये ॲनिमॅक्स नावाची खास ॲनिमेची वाहिनी भारतात आली. खेड्यातल्या केबलवाल्याकडे ती क्वचितच असायची, आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये ती बंद होऊन तिच्या जागी लहान मुलांची वाहिनी आली. मधल्या काळात ज्यांना जपानी आवाजात, सबटायटलसह पाहायचं होतं त्यांच्यासाठी नागपूरला बर्डीच्या फूटपाथवरच्या सीड्या होत्या. मीही घेतल्या आहेत, लपवत नाही.

त्यानंतर वारं फिरलं. २०१९ मध्ये माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा ॲनिमे चित्रपट भारतातल्या थेटरांत लावावा म्हणून चाहत्यांनी ऑनलाइन अर्ज फिरवला, त्यावर जवळपास पन्नास हजार सह्या झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये तो खरंच लागला. जपानी आवाज, इंग्रजी सबटायटल. २०२१ मध्ये सोनीच्या फनिमेशननं क्रंचीरोल ही इंटरनेटवर ॲनिमे दाखवणारी सेवा विकत घेतली आणि २०२२ मध्ये क्रंचीरोलनं भारतातली किंमत महिन्याला ७९ रुपयांपर्यंत खाली आणली. गंमत म्हणजे हेच क्रंचीरोल २००६ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यावर लोक परवानगीशिवायच भाग चढवायचे. २००९ पासून ते सरळ मार्गाला लागलं. आता भारतासाठी ते हिंदी, तमिळ, तेलुगूत डबिंग करतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर’चा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट थेटरात लागला तेव्हाही जपानीबरोबर इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू होतं. यादीत मराठी कुठे नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

आता तुमच्या पोट्ट्यांनी काय करायचं ते बघू.

पहिली जागा यूट्यूब. म्यूझ एशिया, म्यूझ इंडिया आणि अॅनी-वन एशिया ही तीन चॅनलं अधिकृत आहेत. म्यूझ ही तैवानची कंपनी, अॅनी-वन हाँगकाँगच्या मीडियालिंकचं. हक्क विकत घेऊन, जाहिराती दाखवून, फुकट देतात. सगळे भाग भारतात उघडत नाहीत, काही फक्त सभासदांना असतात, काही ठरावीक दिवसांनी काढून टाकले जातात, तरी सातवी-आठवीच्या लेकरांना वर्षभर पुरेल एवढं तिथे आहे. चॅनल खरं की नकली, ते नावावरून ठरवू नका. कोणीही तसंच नाव लावून चॅनल काढतं. सगळे भाग क्रमानं लावलेले असणं, चॅनलच्या नावापुढची खूण, आणि चित्र उलटं किंवा बारीक चौकटीत दाखवलेलं नसणं, एवढं पाहिलं तरी पुरतं. चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसलं तर तो माल चोरीचा समजा, यूट्यूबच्या यंत्राला चकवण्यासाठी तसं करतात.

दुसरी जागा पैशाची. क्रंचीरोलचं मी वर सांगितलंच, आणि त्याच्या वरच्या योजनेत भाग उतरवून ठेवता येतात. खेड्यात ही सोय पैशापेक्षा मोठी आहे. रात्री रेंज असते तेव्हा उतरवायचं आणि लाइन गेल्यावर पाहायचं. नेटफ्लिक्सची मोबाईलची योजना २०२१ च्या डिसेंबरपासून १४९ रुपयांवर आली, पण ती फक्त फोन आणि टॅबवर चालते, टीव्हीवर जोडता येत नाही. शाळेच्या टीव्हीसाठी म्हणून घ्यायला जाल तर फसाल.

पैसे भरतानाच बरेच जण अडकतात. माझ्या भाच्याचं कार्ड तीनदा नाकारलं गेलं आणि त्यानं चिडून टेलिग्राम गाठलं. कार्डात पैसे होते. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं चालू असतं. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः सुरू करावे लागतात. त्यात २०२१ च्या ऑक्टोबरपासून दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना वेगळी मंजुरी लागते, आणि परदेशी सेवा तिथे अडकू शकतात. याला सोपा तोडगा म्हणजे सेवेच्या वेबसाइटवरून पैसे न भरता फोनमधल्या प्ले स्टोअरमधून वर्गणी घ्यायची. तिथे यूपीआय चालतं. वर्गणी पालकाच्या नावानं असावी, हे सांगायला नकोच.

व्हीपीएन लावून ‘मी अमेरिकेत आहे’ असं दाखवायची युक्ती पोट्ट्यांना नक्की माहीत असेल. भारतात व्हीपीएन वापरणं हा गुन्हा नाही, पण त्या सेवेच्या अटी मोडतात आणि खातं बंद होऊ शकतं. शिवाय फुकटचं व्हीपीएन तुमच्या फोनमधून काय काय नेतं ते आपल्याला दिसत नाही. माझ्या घरातल्या लेकरांना मी मना केलं आहे.

वयाचंही बघा. ‘कार्टून’ म्हटलं की आपण लेकरांचं समजतो, पण जपानमध्ये मध्यरात्रीनंतर लागणारे ॲनिमे बहुधा मोठ्या वयाच्या प्रेक्षकांसाठी असतात. २०२१ च्या नियमांपासून आपल्याकडच्या सेवांवर यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए अशा खुणा असतात. टेलिग्रामवरच्या फाइलवर कसलीच खूण नसते, आणि अवतीभवती जुगाराच्या जाहिराती असतात. चोरीपेक्षा मला ही गोष्ट जास्त खुपते.

आता भाषेकडे येतो. इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण हेच माझं खरं काम.

लोकांना वाटतं की जपानीतून मराठीत आणणं फार अवघड, म्हणून कोणी करत नाही. माझा अनुभव उलटा आहे. जपानीतून इंग्रजीत जाताना जे सांडतं, त्यातलं बरंच मराठीत न सांडता येऊ शकतं. जपानी माणूस घरातून निघताना म्हणतो ‘इत्तेकिमासु’. शब्दशः अर्थ ‘जाऊन येतो’. इंग्रजी सबटायटलमध्ये त्याचं ‘मी निघतोय’ होतं आणि त्यातला परत येण्याचा शब्द गळून पडतो. आपण निघताना काय म्हणतो? ‘येतो.’ ‘जातो’ म्हटलं तर आजी रागावते. एखाद्या कथेत पोरगा ‘इत्तेकिमासु’ म्हणून बाहेर पडतो आणि परत येत नाही, तेव्हा जपानी प्रेक्षकाच्या पोटात जो खड्डा पडतो तो इंग्रजी वाचणाऱ्याच्या पोटात पडत नाही. ‘येतो गं आई’ वाचणाऱ्या तुमच्या वर्गातल्या पोरीच्या पोटात नक्की पडेल.

नात्यांचंही तसंच आहे. जपानीत अनोळखी तरुणाला ‘ओनीसान’ म्हणजे दादा, बाईला ‘ओबासान’ म्हणजे मावशी, म्हाताऱ्याला ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा म्हणतात. इंग्रजीवाला तिथे नाव तरी टाकतो, नाहीतर गाळून टाकतो. आपल्याकडे एसटीत शेजारच्याला ‘दादा, जरा सरका’ म्हणतातच. जेवणाआधी जपानी हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणतात. इंग्रजीत तिथे बऱ्याचदा जेवणाचे आभार मानले जातात, वाचणारा गोंधळतो की हा आभार कोणाचे मानतो आहे. तुमच्या शाळेत पोषण आहाराच्या पंगतीला ‘वदनी कवळ’ होतं, म्हणून लेकरांना ते दृश्य समजावून सांगावं लागणार नाही. मी तिथे ‘वदनी कवळ’ लिहिणार नाही, जपानी तोंडी श्रीहरी घालणं बरं दिसत नाही. नुसतं ‘चला, बसू या’ लिहीन, पुढचं ते हात जोडलेले पाहून लेकरांना कळेल.

आणि वाक्याची ठेवण. जपानीत क्रियापद शेवटी येतं, आपल्याकडेही. नकारसुद्धा शेवटी. साक्षीदार थांबत थांबत बोलतो, ‘त्या रात्री… विहिरीपाशी… मी… गेलो नव्हतो.’ मराठीत हे दोन सबटायटलमध्ये जसंच्या तसं तोडता येतं आणि ‘नव्हतो’ बरोबर त्या क्षणी पडद्यावर येतं. इंग्रजीत नकार पुढे सरकतो आणि पात्र बोलायच्या आधी वाचणाऱ्याला निकाल कळलेला असतो.

आपली पंचाईत होते ती लिंगाशी. जपानी क्रियापदाला लिंग नाही. बोलणाऱ्याचा चेहरा झाकलेला आहे, आवाज घोगरा आहे, आणि शेवटच्या भागात कळतं की ती बाई होती. जपानीत आणि इंग्रजीत हे झाकलेलं राहतं. मराठीत ‘मी पाहिला’ चालतं, पण ‘मी गेलो’ की ‘मी गेले’, तिथे लपायला जागा नाही. मग ‘मला जावं लागलं’, ‘माझ्याच्यानं थांबवलं नाही’ अशी वळणं घेत बारा भाग काढावे लागतात. एकदा मी अकराव्या भागात ‘गेलो’ लिहून बसलो होतो. तपासणाऱ्या मुलीनं पकडलं म्हणून अब्रू वाचली.

यूट्यूबवर सबटायटल वेगळ्या फाइलमध्ये असतील, चित्रातच छापलेले नसतील, तर ‘आपोआप भाषांतर’ मध्ये मराठी निवडता येतं. पोट्ट्यांना दाखवा, पण ते इंग्रजीवरून होतं हेही सांगा. यंत्राला ‘यू’ दिसतो. तू म्हणायचं की तुम्ही, हे तो कुठून आणणार? मी पाहिलं त्यात राजा शिपायाला ‘आपण’ म्हणत होता आणि शिपाई राजाला ‘तू’.

मग एवढं जमतं तर होत का नाही? हा प्रश्न मी एका मोठ्या सेवेच्या माणसाला विचारला होता. त्यांचं पहिलं उत्तर पैशाचं नव्हतंच. ते म्हणाले, ‘तपासणार कोण?’ जपानची समिती प्रत्येक भाषेतल्या नावांवर, खास शब्दांवर, कधी एकेका ओळीवर मंजुरी मागते. इंग्रजी तपासायला त्यांच्याकडे माणसं आहेत. मराठी तपासायला टोकियोत माणूस नाही, म्हणून मराठीची फाइल परत इंग्रजीत करून पाठवा म्हणतात, म्हणजे काम दुप्पट. एका २४ मिनिटांच्या भागात साडेतीनशेच्या आसपास ओळी असतात. आणि वेळ कमी. आपलं घड्याळ जपानच्या साडेतीन तास मागे. तिथे मध्यरात्री भाग लागला की आपल्याकडे साडेआठ वाजलेले असतात, आणि त्याच रात्री तो सबटायटलसह हवा असतो. इंग्रजीवाल्याला चित्रफीत दोन-तीन दिवस आधी मिळते. इंग्रजीवरून पुढे जाणाऱ्याला उरतात तास.

दुसरं कारण मोजणीचं. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक होते. डेन्मार्कची सगळी लोकसंख्या ६० लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एकट्या नागपूर जिल्ह्याहून जास्त, एवढीच. मोठ्या सेवांवर डॅनिश सबटायटल सर्रास सापडतात. कारण तिथला प्रत्येक वर्गणीदार आपल्या तुलनेत कितीतरी पट पैसे भरतो, आणि भरताना भाषा डॅनिश निवडतो. आपला माणूस फोन इंग्रजीत ठेवतो, ॲनिमे हिंदीत पाहतो. कंपनीच्या आकड्यांत तो ‘हिंदी’ म्हणून मोजला जातो. टेलिग्रामवरचा तर कशातच मोजला जात नाही. तुमच्या वर्गातल्या पोट्ट्यांची त्या हिशेबात नोंदच नाही.

तिसरं कारण अगदी तांत्रिक, आणि मला त्यानं एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. इंग्रजी सबटायटलला एका ओळीत ४२ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, पडद्यावर सात सेकंदांपेक्षा जास्त नाही, असा साधारण दंडक आहे. देवनागरीत खालच्या ओळीचा रफार आणि वरच्या ओळीचा उकार एकमेकांत घुसतात, म्हणून अंतर वाढवावं लागतं. जुन्या टीव्हीला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. मी एका कार्यक्रमाची मराठी फाइल मोठ्या हौसेनं पेनड्राइव्हवर घालून भावाच्या टीव्हीला लावली, तर ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसला होता आणि ‘क्ष’चे दोन तुकडे झाले होते. भाऊ म्हणाला, ‘हे कोणत्या देशाचं मराठी आहे बावा?’ तुम्ही कधी फाइल बनवलीच तर यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायची एक पद्धत) जतन करा आणि टीव्हीवर आधी स्वतः तपासून पाहा.

यावरून तुमच्या मनात येईल, आपणच मराठी सबटायटल करून वाटले तर? जगभर चाहत्यांनी हे केलं आहे, व्हीएचएस टेपच्या काळापासून. माझं टायमिंग मी तिथेच शिकलो. पण कायदा सांगतो ते ऐकून ठेवा. भाषांतराचा हक्क मालकाचा. चित्रफीत न वाटता नुसती सबटायटलची फाइल वाटली तरी ते संवादांचं भाषांतरच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. चाहत्याच्या मागे कोणी सहसा लागत नाही, हेही खरं. तरी शाळेच्या नावानं असं काही बाहेर जाऊ देऊ नका.

शाळेत दाखवण्याचं मात्र वेगळं आहे. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेला सूट आहे. शाळेच्या कामकाजाचा भाग म्हणून, प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित लोक एवढेच असतील तर चित्रपट दाखवणं हा हक्कभंग धरला जात नाही. सेवेच्या अटी हा त्यावरचा वेगळा करार. यूट्यूबसकट बहुतेक सेवा फक्त वैयक्तिक पाहण्यासाठी असतात. माझं मत विचाराल तर अधिकृत चॅनलवरचा एक भाग, तुमच्याच वर्गाला, भाषेच्या तासाला, तिकीट न लावता दाखवणं मला गैर वाटत नाही. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा. तोच भाग गणपतीत मंडपात पडदा लावून गावाला दाखवायचा म्हणाल तर मी नको म्हणेन, तिथे कलम ५२ येत नाही.

आणि सबटायटल वाचून होत नाहीत, त्यावर एक जुना जपानी तोडगा आहे. मूकपटांच्या काळात जपानी थेटरात पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून गोष्ट सांगायचा, पात्रांचे आवाज काढायचा. त्याला ‘बेन्शी’ म्हणत. लोक नटापेक्षा बेन्शीचं नाव पाहून तिकीट काढत. तुमच्या वर्गात झाडीपट्टीच्या नाटकांत काम केलेल्या घरातलं एखादं लेकरू असणारच. भाग आधी तुम्ही दोनदा पाहा, त्याला गोष्ट सांगा, आणि त्याला उभं करा. झाडीबोलीत बोलू द्या. आवाज बंद करू नका, जपानी ऐकू येऊ द्या.

शाळेतल्या ‘आनंददायी शनिवार’ उपक्रमात एक तास काढता आला तर सुरुवात शाळकरी मुलांच्या, घरातल्या गोष्टीनं करा, मारामारीच्या भागानं नको. त्यात निघणं, येणं, जेवणं भरपूर असतं. पोट्ट्यांना एकच काम द्या. ‘इत्तेकिमासु’ ऐकू आलं की हात वर करायचा, आणि आपल्या घरातून निघताना आपण काय म्हणतो ते फळ्यावर लिहायचं. ‘येतो’ निघेल, ‘येतो बा’ निघेल, एखादी पोरगी ‘येतो व माय’ लिहील. फळ्याचा फोटो मला पाठवा. माझ्याकडे एक काम अडलं आहे, त्यात आठ वर्षांची मुलगी आजीला हेच म्हणते, आणि ‘येते गं आजी’ला माझं मन अजून तयार नाही.